त्या बारा खोल्यांतली तुमची खोली कुठली?

ताई, नमस्कार. आम्हाला दोन मुलं आहेत. मुलगी पाच वर्षांची, मुलगा चौदा महिन्यांचा. लग्नाला दहा वर्षं होतायत म्हणून चार रात्रींसाठी एका मोठ्या शहरात जायचं ठरलंय. मुलं होण्याआधी आम्ही दोघं नेहमी छोट्या, देखण्या बुटीक हॉटेलांत राहायचो. या वेळीही मला तसंच हवंय. शहराच्या मध्यात बारा खोल्यांचं एक हॉटेल शोधून ठेवलंय, पैसे अजून भरलेले नाहीत. नवरा म्हणतो, मुलं मोठी होऊ देत, आत्ता नेहमीसारख्या मोठ्या हॉटेलात राहू. बहीण म्हणते, ती जागा बघण्याची आहे, पोरं घेऊन राहण्याची नाही. मागच्या वर्षी अशाच एका ठिकाणी मुलीच्या हातून फुलदाणी फुटली. रात्री बाळ रडलं म्हणून शेजारच्या खोलीतून तक्रारही आली. उरलेले दोन दिवस मी 'हळू', 'हात लावू नको', 'गप्प बस' एवढंच बोलत होते. परत आले ती दमून. तरी मन तिकडेच ओढ घेतंय. मी स्वार्थीपणा करतेय का? आणि गेलेच तर काय बघून जाऊ?

मैत्रिणी,

जरूर जा. दहा वर्षांच्या संसारानंतर चार रात्री आवडीच्या जागी घालवाव्यात असं वाटणं यात स्वार्थ कुठे आला? मुलांनाही आईवडिलांच्या आवडीची जागा कळू दे की. तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला सविस्तर बोलायचंय. मागच्या वर्षी जे बिनसलं, ते मुलांमुळे किंवा हॉटेलामुळे बिनसलं असं मला वाटत नाही. तुम्ही हॉटेल निवडलं आणि खोली त्यांनी दिली ती घेतली. बुटीक हॉटेलात नेमकी इथेच गफलत होते.

मोठ्या साखळी हॉटेलात तिसऱ्या मजल्यावरची खोली आणि सातव्या मजल्यावरची खोली यांत दाराच्या नंबराखेरीज फारसा फरक नसतो. त्यामुळे तिथे हॉटेल निवडलं की काम झालं. छोटी शहरी हॉटेलं बहुतेकदा जुन्या इमारतींत उभी राहतात. कुणाचा वाडा असतो, कुठलं जुनं कार्यालय असतं, कधी गोदाम असतं. भिंती पाडता येत नाहीत, म्हणून जशी जागा मिळेल तशी खोली बसवलेली असते. एकीला गल्लीवरची बाल्कनी, दुसरीला फक्त आतल्या चौकात उघडणारी खिडकी, तिसरीत पलंग पोटमाळ्यावर आणि वर जायला उघडा जिना. तुमच्या बारा खोल्यांत मुलांसाठी अगदी छान अशा दोन असतील, चालतील अशा चार, आणि उरलेल्यांत तुम्ही रात्रभर जाग्या राहाल. आपल्याला त्या दोनांपैकी एक मिळवायची आहे.

या हॉटेलांचा घाट मुळात मोठ्यांसाठी पडला, हेही लक्षात ठेवायला हवं. १९८४ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल यांनी 'मॉर्गन्स' सुरू केलं, तेव्हापासून बुटीक हॉटेल हा शब्द रुळला. त्याआधी याच दोघांनी 'स्टुडिओ ५४' हा नाइट क्लब चालवला होता. रात्री जागणारं मोठं माणूस त्यांच्या डोळ्यासमोर होतं. मंद दिवे, जमिनीलगतचे पलंग, काचेच्या भिंतीआडचं न्हाणीघर, तळमजल्यावरचा बार, हे सगळं त्या पाहुण्यासाठी होतं, आणि पुढे जगभर त्याचीच वाट अनेकांनी धरली. त्यात मुलांविषयी आकस नव्हता. मुलं डोळ्यासमोर नव्हती, इतकंच. त्यामुळे मुलं घेऊन जाणाऱ्या बाईने ती हॉटेलवाल्यांच्या डोळ्यासमोर आणून द्यायची असतात, पैसे भरण्याआधी आणि फोनवरून.

फोनच करा. संकेतस्थळावरचा 'मुलं: २' हा रकाना भरून काही साधत नाही. तो फक्त मोजतो. बारा खोल्यांच्या हॉटेलात फोन उचलणारं माणूस त्या बाराही खोल्यांत उभं राहिलेलं असतं. कुठल्या खोलीची खिडकी कुरकुरते आणि कुठे दुपारी ऊन येतं, हे त्याला ठाऊक असतं. मोठ्या हॉटेलात हे माणूस तुम्हाला सहसा भेटत नाही. छोट्या हॉटेलाची ही खरी श्रीमंती आहे आणि ती फुकट मिळते.

पहिलंच वाक्य मुलांच्या वयाचं असू द्या. 'पाच वर्षं आणि चौदा महिने.' काही हॉटेलं बारा, सोळा किंवा अठरा वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत. ते आधी कळलेलं बरं. घेत असतील, तर माणसं मोजण्याची त्यांची रीत विचारा. पाच वर्षांच्या मुलीला काही ठिकाणी आहे त्याच पलंगावर मोफत झोपू देतात, काही ठिकाणी तिच्यासाठी जादा पलंग घ्यावाच लागतो. बाळाचा पाळणा कुठे मोजतात, कुठे मोजत नाहीत. शिवाय एका खोलीत किती माणसं राहू शकतात याला आगीच्या नियमांची मर्यादा असते, तिथे रिसेप्शनवरच्या माणसाचा चांगुलपणा उपयोगी पडत नाही. चौघांची नावं आणि वयं आरक्षणात लिहिली गेली आहेत ना, ते बघून घ्या. दारात पोचल्यावर 'बाळ आहे हे आम्हाला माहीत नव्हतं' हे ऐकण्यासारखा वैताग नाही.

मग जागेचं विचारा, आणि नुसतं 'मोठी आहे का' असं विचारू नका. छोट्या शहरी हॉटेलात १८ चौरस मीटरची, म्हणजे सुमारे १९४ चौरस फुटांची खोली नवलाची नाही. दोघांना ती पुरते. पण पाळण्याची गादी साधारण १२० बाय ६० सेंटिमीटर असते, त्याभोवती पाळण्याची चौकट येते. पलंग, पाळणा, मुलीची गादी, बॅगा, घडीची बाबागाडी, एवढं मांडल्यावर जमीन किती उरते? तेव्हा असं विचारा: 'पाळणा आणि जादा गादी घातल्यावर न्हाणीघरापर्यंत अंधारात अडखळल्याशिवाय जाता येईल का?' शक्य असेल तर पाळणा मांडून एक फोटो पाठवायला सांगा. मी आजवर दोनतीनदा मागितलाय, कुणी नाही म्हटलेलं नाही. आणि त्या फोटोत न्हाणीघराचं दार खरंच दार आहे की नुसती काच, तेही दिसतं.

हे दार इतकं महत्त्वाचं का, ते सांगते.

माझा धाकटा दीड वर्षाचा असताना आम्ही एका सुंदर छोट्या हॉटेलात उतरलो होतो. खोली फोटोत होती तशीच निघाली, उलट थोडी सरसच. आठ वाजता दोन्ही मुलं झोपली. आणि मग आमच्या ध्यानात आलं की पुढे करायचं काय. खोलीत एकच दालन. दिवा लावला की पाळण्यावर उजेड. न्हाणीघराची भिंत काचेची, तिथला दिवा लावला तर आख्खी खोली उजळायची. आम्ही दोघं पलंगाच्या दोन कडांवर अंधारात बसून राहिलो. बोलायची चोरी, वाचायची चोरी. साडेआठला नवरा कुशीवर वळला आणि मी बराच वेळ छताकडे बघत पडले. तीन रात्री असंच गेलं. ज्या संध्याकाळींसाठी आम्ही ते हॉटेल निवडलं होतं, त्या संध्याकाळी आम्हाला मिळाल्याच नाहीत. चूक हॉटेलाची नव्हती. मुलं झोपल्यावर आपण कुठे बसणार, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारलाच नव्हता.

मैत्रिणी, लहान मुलांबरोबरच्या मुक्कामाचा हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे, आणि तो फार कमी जण आधी विचारतात. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. तुमचं बाळ दुपारी दीड तास झोपलं, तरी रात्रीचे दहा तास उरतात. म्हणजे चोवीस तासांतला निम्म्याच्या आसपास वेळ ती खोली अंधारी आणि शांत असायला हवी, आणि त्यातले दोनतीन तास तुम्ही दोघं टक्क जागे असणार. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाचे तास तेच.

यावर तोडगे आहेत. सगळ्यात चांगला म्हणजे कोनाडा असलेली खोली. जुन्या इमारतींत असे कोनाडे पुष्कळ सापडतात: कपाटांची अरुंद वाट, खिडकीजवळची आत गेलेली जागा, अर्ध्या भिंतीआडचा भाग. तिथे पाळणा मावला आणि मध्ये पडदा किंवा पार्टिशन आलं की उरलेल्या भागात छोटा दिवा लावून बसता येतं. हवा खेळती आहे ना एवढं बघा, बंद कपाटाच्या खोलीत बाळाला ठेवू नका. दुसरा पर्याय दार बंद होणाऱ्या बाल्कनीचा. बाळ आत, तुम्ही दोघं बाहेर, मध्ये काचेचं दार, बाळ सतत नजरेसमोर. मला हा सगळ्यात आवडतो, पण कठड्याची खात्री करून. त्याबद्दल पुढे लिहिते.

तिसरा पर्याय दोन खोल्यांचा. इथे शब्द नीट वापरा. 'शेजारच्या खोल्या' मागितल्या तर शेजारच्याच मिळतील, आणि एकीतून दुसरीत जायला तुम्हाला व्हरांड्यात यावं लागेल. तुम्हाला हव्यात 'आतून दार असलेल्या' खोल्या. जुन्या इमारतीत अशी जोडी असलीच तर एखादीच असते, म्हणून लवकर विचारा. ती नसेल तर दोन सुट्या खोल्या घेऊन एकीत तुम्ही आणि बाळ, दुसरीत नवरा आणि मुलगी, असं करू नका. वाढदिवस दोघांचा आहे.

आणि एक पर्याय मी मुळीच सुचवणार नाही. मुलं झोपली, दाराला कुलूप घातलं, बेबी मॉनिटर हातात घेतला आणि खाली चौकात जाऊन बसलो, हे नाही. खाली म्हणजे दोनच जिने असतील, तरीही नाही. अनोळखी इमारत, बंद दार, आत दोन लहान मुलं. आगीची घंटा वाजली तर सगळी माणसं जिन्यावरून खाली येत असतात आणि तुम्हाला वर जायचं असतं. मॉनिटर आवाज ऐकवतो, पण दार उघडत नाही. यावर मी कधीच मऊ होणार नाही.

मुलं सांभाळायला हॉटेल बाई पाठवतं म्हणतात, ती सोय वाईट नाही. पण चौदा महिन्यांच्या बाळाला अनोळखी खोलीत, पहिल्याच रात्री, अनोळखी माणसाजवळ ठेवून तुम्हाला दोघांना घास गोड लागेल का, ते तुम्हीच ठरवा. मला लागला नसता. त्यापेक्षा वाढदिवस दुपारी साजरा करा. बाळ दुपारी बाबागाडीत झोपतं ना? ती वेळ साधा. हॉटेलच्या चौकात किंवा जेवणाच्या दालनात दुपारी दोननंतर फारशी माणसं नसतात. कोपऱ्यातलं टेबल मागून घ्या, बाबागाडी भिंतीकडे वळवा, मुलीला रंगाची पेटी द्या. तास-दीड तास तुमचा. संध्याकाळी आळीपाळीने एकेकाने एक तास बाहेर पडावं, एकट्याने, हवं तिथे. लहान मुलांच्या आईला शहरात एकटीने तासभर चालणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको.

आता आवाजाचं. तुम्हाला आठवण राहिली ती शेजारच्यांच्या तक्रारीची, पण आवाज दोन्हीकडून येतो. बारच्या वरची खोली नको, तो मध्यरात्रीपर्यंत चालतो. नाश्त्याच्या दालनाच्या वरचीही नको, पहाटे सहालाच खुर्च्या ओढायला सुरुवात होते. लिफ्टला लागून नको. जुन्या इमारतींत लाकडी तक्तपोशी असते आणि पाच वर्षांची मुलगी तिच्यावर धावली की खालच्याच्या डोक्यावर ढोल वाजतो. म्हणून जिच्या खाली कुणी राहत नाही, कोठीची खोली किंवा कार्यालय आहे, अशी आणि व्हरांड्याच्या टोकाची खोली मागा. म्हणजे एकाच बाजूला शेजार. हे सगळं फोनवरच्या माणसाला तोंडपाठ असतं. बाळाला एकसुरी घरघर आवाजाच्या यंत्राची सवय असेल तर ते बरोबर न्या, पण पाळण्यापासून दोन मीटर तरी लांब ठेवा आणि आवाज बारीक ठेवा. कानाशी ठेवलेलं यंत्र लहान कानाला घातक ठरू शकतं.

आणि एवढं करूनही बाळ रात्री तीन वाजता रडलं तर? तर रडलं. चौदा महिन्यांचं बाळ रडणारच. त्याला उचला, न्हाणीघरात न्या, दार लावा, शांत करा. सकाळी शेजारचे भेटले तर 'रात्री बाळाचा त्रास झाला असेल, माफ करा' एवढं म्हणा. बहुतेक माणसं हसून मान हलवतात. न हलवणाऱ्यांसाठी आपण पूर्ण दिवस कानकोंडं होऊन बसायचं कारण नाही. त्यांनी जसे खोलीचे पैसे भरलेत तसे तुम्हीही भरलेत. तुमची मुलं त्या हॉटेलात पाहुणी आहेत. हे तुमच्या मनात पक्कं बसलं की मागच्या वर्षीचे ते 'हळू' आणि 'गप्प' निम्मे कमी होतील.

पोचल्यावरची पहिली दहा मिनिटं मात्र गंभीरपणे घ्या. एकाने मुलांना खाली लॉबीत सांभाळावं, दुसऱ्याने एकट्याने वर जावं आणि खोलीत गुडघ्यांवर बसून रांगत एक फेरी मारावी. उभं राहून दिसत नाही ते खालून दिसतं: काचेच्या टेबलाची धार, पलंगाच्या लाकडी चौकटीचा कोपरा, किटलीची लोंबणारी वायर, मिनीबारच्या खालच्या खणातल्या बाटल्या. पडद्याच्या दोऱ्या उंच गुंडाळून टाका, त्यांचा फास बसू शकतो. पाळणा खिडकीजवळ असेल तर सरकवा. रिमोट आणि छोटे दिवे तपासा, त्यांत कधीकधी गोल बटण सेल असतो. तो गिळला गेला तर दोन तासांच्या आत अन्ननलिका गंभीर भाजू शकते, म्हणून असं रिमोट सरळ कपाटावर ठेवा. आणि गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

बाल्कनीच्या कठड्याचे गज मोजा. दोन गजांत १० सेंटिमीटरहून जास्त फट असू नये, त्यातून लहान मूल निसटू शकतं. जुन्या इमारतींतले सुंदर लोखंडी कठडे या मापात बसतीलच असं नाही. गज आडवे असतील तर ती मुलांसाठी शिडीच. कठड्याजवळ खुर्ची, कुंडी, टेबल काही ठेवू नका. खिडकीही १० सेंटिमीटरपेक्षा जास्त उघडू नये. उघडत असेल तर अडसर लावून मागा. शंका वाटली तर बाल्कनीचं दार कायम बंद. आणि ती बाल्कनीच तुमच्या संध्याकाळची जागा होणार असेल, तर हे सगळं फोनवरच विचारून घ्या.

गरम पाण्याचं बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. मोठ्या इमारतींत पाणी ६० अंश सेल्सियसच्या आसपास साठवतात, कारण कोमट साठ्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात. ते योग्यच आहे. पण ६० अंशांचं पाणी मोठ्या माणसाची कातडी पाचेक सेकंदांत गंभीर भाजू शकतं, आणि बाळाची त्याहून लवकर. नळाला ताप आवरणारी सोय सगळीकडे नसते. म्हणून आधी थंड पाणी, मग गरम, आणि कोपर बुडवून बघून मगच बाळ. देखणे नळ कुठल्या बाजूला फिरवले की गरम येतं तेच अनेकदा कळत नाही, म्हणून मुलीला नळाला एकटीने हात लावू देऊ नका.

बाळ पाळण्यातच झोपू दे, मोठ्या पलंगावर तुमच्या मध्ये नको. हॉटेलांच्या गाद्या मऊ, रजया जाड आणि उशा चार. पाळण्यात घट्ट बसणारी गादी आणि ताणलेली चादर, एवढंच हवं. पाळणा कुणी दिला म्हणून तो ठीक असेलच असं धरू नका. हाताने हलवून बघा, कड्या लागतात का बघा. मुलीला दुमजली पलंग देऊ करतील, तो तिला फार आवडेल, पण वरचा मजला सहा वर्षांखाली नको. दाराला खालची दांडी दाबून उघडणारं हँडल असेल तर पाच वर्षांची मुलगी रात्री उठून बाहेर जाऊ शकते. वरची कडी लागते का तेवढं बघा.

फुलदाणीबद्दल. आधीच सांगा: 'खोलीतल्या फुटणाऱ्या वस्तू आम्ही येण्याआधी काढून ठेवा.' खोल्या आवरणाऱ्या लोकांना याचा राग येत नाही, हायसं वाटतं. खोली थोडी ओकी दिसेल, पण तुम्हाला 'हात लावू नको' म्हणावं लागणार नाही. तरी काही फुटलंच, तर त्याच क्षणी खाली जाऊन सांगा. तुकडे टोपलीत लपवून निघायच्या दिवसापर्यंत धडधडत बसू नका. माझ्या मोठ्याने एकदा मातीचा दिवा पाडला होता. मी लगेच खाली गेले, मुलगाही बरोबर होता. त्याने सांगितलं, 'माझ्याकडून पडला.' तिथल्या बाईंनी आधी त्याला लागलं का ते विचारलं, मग झाडू मागवला. दिव्याचे पैसे आम्ही भरले आणि तिथेच विषय संपला. मागच्या वर्षी तुमच्या मुलीला कुणी विचारलं होतं का, लागलं का म्हणून? नसेल, तर ते तिच्या मनात कुठेतरी राहिलेलं असू शकतं. जाण्याआधी तिच्याशी त्यावर एकदा बोला.

आणि ही मुलगीच, बरं का, तुमच्या चौघांत त्या हॉटेलची सगळ्यात चांगली पाहुणी ठरणार आहे. पाच वर्षांच्या मुलाला बारा खोल्यांचं घर समजतं. शंभर खोल्यांच्या हॉटेलात ते हरवतं, इथे दुसऱ्या दिवशी सकाळी रिसेप्शनवरचे काका तिला नावाने हाक मारतील आणि ती संबंध दिवस त्या तोऱ्यात चालेल. तिला काम द्या. आपल्या दारापासून आणीबाणीच्या जिन्यापर्यंत किती दारं लागतात, ते तिने मोजायचं. धूर झाला की दिसत नाही, तेव्हा भिंतीला हात लावून दारं मोजत जाता येतं, हे तिला न घाबरवता सांगता येतं. मोजणी दोनदा करून घ्या, जाताना आणि येताना. कागदावर तिला मजल्याचा नकाशा काढू द्या. मी माझ्या मुलाचे असे तीन नकाशे जपून ठेवलेत. त्यातल्या एका खोलीत त्याने आम्हा चौघांना मावणार नाही इतकं मोठं काढलंय.

शहराबद्दल फार लिहीत नाही, ते तुमचं तुम्हाला कळतं. इतकंच बघा, की मोकळं पळता येईल अशी जागा बाबागाडीने दहा मिनिटांत गाठता येते का. हॉटेल मध्यावर असण्याचा खरा फायदा दुपारी परतण्यात आहे: सकाळी एक गोष्ट बघायची, झोपेला खोलीवर यायचं, मग संध्याकाळी दुसरी. लिफ्ट आहे का आणि बाबागाडी तिच्यात मावते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही विचारा. खोली दुपारी दोन-तीनला मिळते आणि अकरा-बाराला सोडावी लागते. पहिल्या दिवशी बाळाची झोप त्या फटीत अडकणार असेल, तर लवकर खोली मिळेल का तेही विचारून ठेवा. आरक्षण रद्द करता येईल असंच घ्या, थोडं महाग पडलं तरी. एवढ्या लहान मुलांना आदल्या रात्री ताप भरतो, हे तुम्ही जाणताच.

तुमच्या नवऱ्याचं म्हणणं मी बाजूला टाकत नाहीये. फोनवर उत्तरं तुटक आली, 'मुलं आहेत ना, बघू' असा सूर लागला, किंवा रिकाम्या खोल्यांत उघड्या जिन्याची आणि बारच्या वरची एवढ्याच उरल्या असतील, तर हे हॉटेल या वर्षी सोडून द्या. तेव्हा मोठ्या हॉटेलात जायला मीही सांगेन. पण हे त्याने किंवा तुमच्या बहिणीने आधीच ठरवू नये. फोन स्पीकरवर ठेवा आणि नवऱ्यालाही शेजारी बसवा. त्याच्या शंका त्याने स्वतः विचाराव्यात.

सकाळी निघणाऱ्यांची गर्दी ओसरली आणि दुपारी येणाऱ्यांची सुरू झालेली नाही, अशा वेळी, बाराच्या सुमाराला फोन लावा. खोली ठरली की तिचा नंबर आरक्षणात लिहून मागा, आणि 'पाळणा मांडलेला, फुटणाऱ्या वस्तू काढलेल्या, बारपासून लांब' हे शब्दही ईमेलमध्ये घ्या. निघायच्या दोन दिवस आधी पुन्हा एकदा फोन करून तोच नंबर आहे ना ते विचारा. त्या वेळी मुलीला बोलायला दिलंत तरी चालेल. तिचं नाव तिनेच सांगू दे.

तुमची ताई